बसायची पाळी

“डोळा कसा आहे आता, ताई?” असं त्या माणसाने विचारलं तेव्हा कोणता डोळा, हेच मला आठवेना. लालबागच्या मसाला गल्लीत मी उभी होते. समोर मसाला कुटायच्या डंखाची मुसळं वरखाली होत होती आणि त्यांच्याखाली माझ्या मिरच्या होत्या, दोन किलो बेडगी, एक किलो संकेश्वरी, आणि रंगापुरती काश्मिरी. इथे आपला माल कुटून होईपर्यंत आपल्या मुसळापाशी उभं राहायचं असतं. कुणाचा कुणावर अविश्वास असतो असं नाही, पण हलायचं नाही ही रीत. त्यामुळे मला पळताही येईना. नाकाला पदर, डोळ्यांतून पाणी, आणि समोर पस्तिशीतला एक माणूस, बोटांवर सुकलेला पांढरा रंग, हसतोय. मी उजव्या डोळ्याला हात लावला, मग घाईने डाव्या, आणि म्हटलं, “बराय.” तो म्हणाला, “ओळखलं नाय वाटतं. मी मनू. आपल्याच बिल्डिंगमधला, सहावा माळा. गणपतीच्या वर्कशॉपात असतो. चौथ्या टायमाला मीच होतो ना तुमच्यासोबत. लिस्टमधे माझा गुरुवार होता.” एवढं बोलून त्याने आपली हळकुंडांची पुडी उचलली, “काळजी घ्या” म्हणाला आणि गर्दीत गेला.

लिस्ट हा शब्द माझ्या कानात राहिला. फोर्टमधल्या एका कचेरीत रेकॉर्ड सेक्शनला मी एकतीस वर्षं काढली आहेत. लिस्ट म्हणजे काय ते मला कुणी शिकवायला नको. लिस्ट म्हणजे एकाहून जास्त नावं, आणि नावं म्हणजे तितकी माणसं ज्यांना माहीत आहे. मी समजत होते की मला इस्पितळात नेणारी, आणणारी, सहाही खेपांना शेजारी बसणारी एकटी शेवंतीवहिनी होती. तिला मी मोतीबिंदू सांगितला होता. ती बिचारी भोळी, अकराव्या मजल्यावरची आमची जुनी शेजारीण, गुडघे धरून चालणारी. तिने विश्वास ठेवला असं मी धरून चालले होते आणि मनातल्या मनात तिचे आभार मानून, जरा कीव करून, मोकळीही झाले होते. आता हा मनू. नाव ऐकल्यावर याचं काम मला आठवलं. वैशाखापासून भाद्रपदापर्यंत हा मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करतो. दिवसभर दुसरं काही न बघता डोळेच बघणारा माणूस माझ्याशेजारी पाच तास बसला होता, आणि त्यालाही मी मोतीबिंदूच सांगितला असणार. त्या मिरच्यांच्या धुळीतही माझी कानशिलं तापली.

माझ्या डोळ्यांना काहीही झालेलं नव्हतं. झालं होतं ते दुसरंच, आणि ते कधी सुरू झालं हे मला नीट सांगता येत नाही. चाळ पाडून टॉवर झाला, आम्हां जुन्या भाडेकरूंना मागच्या अंगाला खोल्या मिळाल्या, मी चौदाव्या मजल्यावर गेले. नवरा आधीच गेलेला, मुलगा हितेंद्र मस्कतला. पहिलं वर्ष मी खिडकीतून कौतुकाने समुद्र बघितला. मग एकदा भाजीवाल्यासमोर उभी असताना भेंडी पाव किलो घ्यायची की अर्धा, हे मला ठरवता येईना. भाजीवाला थांबला, मागची बाई थांबली, आणि मी तशीच घरी आले. हसण्यासारखी गोष्ट होती, मीही हसले. पण त्यानंतर आंघोळ करायची की नाही हे ठरेना, मग उठायचं की नाही. जिभेला सगळं लोखंडासारखं लागे. कचेरीत एका फायलीचं एकच पान मी तीन दिवस वाचत होते. गोळ्या सुरू झाल्या, बदलल्या, वाढवल्या, वर्ष गेलं. खिडकीतला समुद्र मला आवडेनासा झाला, आणि नंतर भलत्याच कारणाने आवडू लागला. तेव्हा मात्र मी घाबरले. खिडकीला आतून दोरी बांधली आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे जाऊन तसं सांगितलं. ते सांगण्याची बुद्धी मला कुठून झाली कोण जाणे, पण तिचे मी आजही उपकार मानते.

मसाला अजून अर्धाच झाला होता. गल्लीत मिरचीचा ठसका उठला की माणसं खोकतात, शिंकतात, एकमेकांकडे बघून हसतात. मी हसत नाही. मला या वासात आनंदाकाका दिसतो. बाबांचा धाकटा भाऊ, गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर, कामाला, उंच, केस मागे वळवलेला. मी आठ वर्षांची असताना त्याला आवाज ऐकू यायला लागले. साचे बंद झाले तरी साच्यांचा आवाज थांबेना, आणि त्या आवाजात कुणीतरी त्याचं नाव घेई. तो जेवताना ताट सोडून उठे आणि म्हणे, येतो, हाक मारतायत. एका रविवारी कुणाच्या तरी सांगण्यावरून त्याला वडाळ्याच्या बाजूला एका भगताकडे नेलं. मला घरी ठेवायला कुणी नव्हतं म्हणून मीही गेले. भगताने शेगडीवर मुठीने मिरच्या टाकल्या, काकाच्या डोक्यावर घोंगडी घातली आणि त्याचं तोंड धुरात धरलं. सांग कोण आहेस, कुठून आलास. आतून काका खोकत खोकत स्वतःचंच नाव सांगत होता, खोलीचा नंबर सांगत होता, गिरणीतला तिकीट नंबर सांगत होता. भगताला ते पटेना. मी तेव्हा रडले ते मिरचीने, असं आई म्हणाली.

भगताला मी कधीच क्षमा करू शकले नाही, पण गावच्या गाऱ्हाण्याबद्दल माझं मन तितकं कडू नाही. त्याच वर्षी मे महिन्यात काकाला कोकणात गावी नेलं. देवळासमोर सगळा गाव जमला, गावकराने, म्हणजे गावच्या मानकऱ्याने, नारळ हातात धरून देवाला साकडं घातलं. बा देवा म्हाराजा, ह्या तुझ्या लेकराच्या डोक्यात जा काय भरला हा ता दूर कर म्हाराजा, त्येका सुखान जेवूक दी, सुखान झोपूक दी म्हाराजा. आणि प्रत्येक वाक्याला पन्नासेक माणसं एका दमात, व्हय म्हाराजा. काका मधे उभा होता, हात जोडून, नवा सदरा घालून. त्या गाऱ्हाण्याने त्याचे आवाज थांबले नाहीत. पण त्याला काय होतंय हे गावासमोर, त्याचं नाव घेऊन, मोठ्याने बोललं गेलं आणि कुणीही मान खाली घातली नाही, हे मला अजून दिसतं. पुढे आयुष्यात तसं मी परत कुठे पाहिलं नाही. मुंबईला आल्यावर आमच्या खोलीत राहणाऱ्या गाववाल्यांनी ठरवलं, गिरणीत कुणी विचारलं तर आनंदाला ताप आहे म्हणायचं. माझ्या लग्नाच्या वेळी बाबांनी त्या तापाचा टायफॉईड केला, डोक्यात ताप गेला म्हणून सांगितलं. तेव्हा खोटं बोलायची सवय मला काही बाहेरून लागलेली नाही.

मग इस्पितळ. एका लांबच्या सरकारी इस्पितळात त्याला भरती केलं. तिथे विजेचे झटके देत, त्या काळात बऱ्याच ठिकाणी देत तसे, भूल न देता. दातांत कापडाची घडी, आणि हातपाय उडू नयेत म्हणून चार माणसं धरायला. एके दिवशी माणूस कमी होता म्हणून बाहेर बसलेल्या बाबांना आत बोलावलं. हे मला बाबांनी सांगितलं ते मी नोकरीला लागल्यावर, मी काही विचारलेलं नसताना, चहाची बशी तोंडापाशी नेता नेता. म्हणाले, “पाय मी धरले होते.” बस, इतकंच. बशी खाली ठेवली, उठून गॅलरीत गेले. त्यानंतर आमच्यात तो विषय निघाला नाही, पण त्या दिवसापासून मला कधीही कुणी पाय धरलेले सहन होत नाहीत. नवरा असताना तो गमतीने अंगठा ओढी, तर मी किंचाळत असे, आणि तो म्हणे, काय विचित्र बाई आहे. विचित्र तर मी होतेच, पण कशामुळे ते त्याला सांगावंसं मला कधी वाटलं नाही.

त्याच इस्पितळातल्या एका तरुण डॉक्टरने शेवटी काकाला घरी पाठवलं. नाव मला माहीत नाही, बाबांनाही आठवत नव्हतं. फक्त त्याच्या सदऱ्याच्या खिशाला शाईचा डाग होता एवढं ते सांगत. त्याने गोळ्या दिल्या आणि बाबांना म्हटलं, दोरीने बांधू नका, माणूस बसवा, कायम एक माणूस. आमच्या खोलीत तेव्हा गावचे अकरा गिरणी कामगार राहत होते, तीन पाळ्यांत विभागलेले. त्यांना हे सांगणं सोपं होतं, पाळ्यांखेरीज त्यांना दुसरं आयुष्यच नव्हतं. दाराच्या आतल्या बाजूला खडूने नावं पडली. पहिल्या पाळीचा चारला आला की बसणार, दुसऱ्या पाळीचा सकाळी बसणार. मधे फट पडली तर खानावळवाल्या रमाबाई आपली भाकरीची परात घेऊन येत आणि काकाच्या समोर पीठ मळत बसत. कुणी त्याला उपदेश करत नसे. दगडू म्हणून एक काथ्याच्या दोऱ्या वळत बसे, दोन दोन तास अक्षर बोलत नसे. काका म्हणे, हाक मारतायत. दगडू म्हणे, “मारूंदेत. आपण हय बसलेले आसव ना.” आणि काका बसे. सहा महिन्यांनी तो परत बदली कामगार म्हणून गिरणीत जाऊ लागला. आवाज गेले नव्हते, पण त्यांचं ऐकायचं की दगडूचं, एवढी निवड त्याला करता येऊ लागली होती.

गिरण्यांच्या संपात ती खोली रिकामी झाली. एकेक करून माणसं गावी गेली, दारावरची नावं तशीच राहिली आणि मग आईने दिवाळीला दार पुसलं. काकाला बाबांनी गावी पोचवला. तिथे त्याने आणखी अकरा वर्षं गुरं राखली, आणि तापाने गेला, खऱ्या तापाने. माझ्या मनात मात्र पुसलेलं दारच राहिलं. डॉक्टर सलोनी, वयाने माझ्या मुलीसारख्या, त्यांनी जेव्हा मला सांगितलं की गोळ्यांनी भागत नाहीये, आपण ईसीटी करू, म्हणजे ते झटकेच, तेव्हा मी काय ऐकलं असेल याची त्यांना कल्पना नव्हती. त्या शांतपणे सांगत होत्या, “आता भूल देऊन करतात, अनुजाताई. स्नायू सैल पडायचं इंजेक्शन देतात. तुम्हांला काही कळणार नाही. पायाचं एखादं बोट हललं तर हललं.” मी विचारलं, पाय कोण धरतं. त्या म्हणाल्या, “कुणीच नाही. धरायची गरजच पडत नाही.” त्या एका वाक्यावर मी सही केली. मग त्या म्हणाल्या की थोडे दिवस विसरायला होईल, काही आठवणी परत येतील, काही त्या आठवड्यांतल्या कदाचित येणार नाहीत. आणि एक अट, प्रत्येक वेळी सोबत एक माणूस हवं. घरी नेणारं, दिवसभर बसणारं. सहा वेळा. नाहीतर करता येणार नाही. “कोण बसेल तुमच्याजवळ?” त्यांनी पेन उघडून विचारलं, आणि मला एक नाव सुचेना. शेवटी मी शेवंतीवहिनीला विचारलं, मोतीबिंदू म्हणून.

मसाला झाला. डबा हाताला गरम लागत होता, कुटलेला मसाला बराच वेळ असा गरम राहतो. मी तो पोटाशी धरून चिंचपोकळीच्या दिशेने चालू लागले. वाटेत मूर्तींच्या शाळेपुढे बांबू उतरत होते, मी मान वळवून पलीकडून गेले, न जाणो मनू असेल. उपचाराच्या त्या तीन आठवड्यांतलं मला जे आठवतं ते मुठीत मावेल इतकं आहे. तोंडावर येणाऱ्या मास्कचा प्लास्टिकचा वास. छतावरची एक पाल, ती बहुधा खरी नव्हती. चहात बुडवलेलं ग्लुकोज बिस्किट कुणीतरी मोडायच्या आत तोंडाशी धरलेलं. माझे केस विंचरून कुणी तरी सैलसर अंबाडा घातला होता, तो हात बाईचा होता एवढं मानेला आठवतं. आणि मग एका सकाळी मला लसणीच्या फोडणीचा वास आला आणि भूक लागली. साधी भूक. मी पलंगावर बसून रडले. पंधरा महिन्यांनी पहिल्यांदा मला काहीतरी खावंसं वाटलं होतं, आणि काय खावं हे ठरलेलंही होतं, भाकरी. त्या सकाळचे उपकार कुणाचे मानायचे हे मला तेव्हा कळलं नाही म्हणून मी डॉक्टरांचे मानले, विजेचे मानले, शेवंतीवहिनीचे मानले. आता कळत होतं की यादी अपुरी होती.

आणि त्याबरोबर लाजही होती, ती खोटी कशी म्हणू. चाळीस वर्षं जे झाकलं ते सगळ्या बिल्डिंगने वाचलं होतं. लिफ्टमधे ही माणसं मला नमस्कार करत होती, आणि मी चष्म्याची काच पुसून दाखवत होते. कुणी गाजरं आणून दिली होती. रामजींनी, बाराव्या मजल्यावरचे, रिटायर झालेले, शेवग्याचा पाला आणला होता, डोळ्यांना चांगला म्हणून, आणि तो मी निवडून भाजी करून खाल्ली होती. चिंचपोकळीचा पूल येईपर्यंत मला त्या भाजीची इतकी लाज वाटली की डबा तिथेच ठेवून कुठेतरी निघून जावं. पण मसाला गरम होता, आणि मला खरोखरच विचारायचं होतं. मी घरी न जाता अकराव्या मजल्याचं बटण दाबलं.

शेवंतीवहिनीचं दार उघडंच होतं. अख्ख्या टॉवरमधे तिचंच दार दिवसभर उघडं असतं, सिक्युरिटीवाल्याने दोनदा सांगून झालं. ती रमाबाईंची सून; सासूसारखीच जमिनीवर बसून सगळी कामं करते, फक्त आता उठताना ओट्याचा आधार घेते. मला बघून तिने पाट सरकवला. मी बसले नाही. म्हटलं, “वहिनी, लिस्ट कसली होती?”

तिने कोकमं निवडता निवडता वर बघितलं. “कोण बोललो? मन्यो? मी त्येका सांगलेलंय, इचारूचा नाय म्हणान. तरी तोंड उघडल्यान मेल्यान.”

“म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. तुम्हांलासुद्धा. पहिल्यापासून.”

“डोळे दोन आनी खेपो सा,” ती म्हणाली. “माका गणित येना नाय असा वाटला तुका? आनी थय दारार येवढो बोर्ड, मानसोपचार विभाग. चवथी पास आसंय मी.”

मी खालीच बसले. एकतीस वर्षं मी फायलीतलं एक पान कमी असलं तर वरून हात लावून सांगत आले. पण माझ्यासोबत येणारं माणूस दारावरचा बोर्ड वाचेल, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मला हसू आलं आणि ते मधेच बिघडलं. विचारलं, “मग बोलला का नाहीत?”

“तू सांगलंस डोळो. म्हटलंय, डोळो तर डोळो. लाज वाटता तवसर वाटांदे. बसणाऱ्याचा काम बसूचा, इचारूचा नाय. सासू सांगी माजी.” मग तिने फडताळाकडे बोट केलं. “थय आसा बघ. गेल्या सालच्या क्यालेंडराच्या पाठी.”

फडताळाच्या दाराला आतून ते पान चिकटवलेलं होतं. वहिनीचं गोल गोल अक्षर, प्रत्येक ओळ खाली उतरत जाणारी. वर लिहिलं होतं, अनुजा, मोतीबिंदू. त्याखाली, असंच म्हणायचं, आणि त्याला दोन रेघा. मग सहा वार आणि नावं. पहिली आणि शेवटची खेप वहिनीची, मधे रामजी, सातव्या मजल्यावरचा अभिषेक, गुरुवारी मनू, पुन्हा रामजी. अभिषेकची बायको तेव्हा गरोदर होती, आणि वहिनी म्हणाली, त्याने कंपनीत अर्धी रजा टाकून मला टॅक्सीने परळला नेलं होतं. मला त्यातलं काही आठवत नाही. कितीही ताण दिला तरी आठवत नाही. सर्वांत खाली, नंतर वेगळ्या पेनने लिहिलेलं एक वाक्य होतं. पायाशी बसू नये, उशाशी बसायचं.

“हे का लिहिलंत?” मी विचारलं.

“पयल्या दिसा तू भुलीतसून जागी जाताना वरडत होतंस. बाबा, काकाचे पाय सोड, म्हणान. मी पायांकडे बसललंय. उठलंय, उशाकडे इलंय, तू गप झालंस. म्हणान सगळ्यांका लिवन ठेवलंय.” ती परत कोकमांकडे वळली. “अंबाडो माका नीट घालूक जमलो नाय. केस लय पातळ झालेत तुजे.”

मी त्या पानापुढे उभी होते. बाबांनी मला जे वाक्य चहाच्या बशीआडून एकदाच सांगितलं, जे मी नवऱ्याला सांगितलं नाही, मुलाला सांगितलं नाही, डॉक्टरांनाही अर्धंच सांगितलं, ते वहिनीने मी शुद्धीवर नसताना ऐकलं होतं आणि त्याची एक साधी सूचना करून दाराला चिकटवली होती. रामजी उशाशी बसले. अभिषेक उशाशी बसला. मनूने डोळे आखून आखून दुखणारी मान घेऊन उशाशी पाच तास काढले. कुणी का म्हणून विचारलं नाही. मला वाटत होतं आईने दिवाळीला ते दार पुसलं तेव्हा सगळं पुसलं गेलं. तसं झालं नव्हतं. रमाबाईंच्या परातीमागून ते इथे आलं होतं आणि मी तीन मजले वर राहून खिडकीला दोरी बांधत होते. मी ते तिला सांगितलं, जसं सुचलं तसं, की वहिनी, मी तुमची फार ऋणी आहे. ती म्हणाली, “बस मगे. उभी ऱ्हवन काय बोलतंस.”

मी फडताळाचं दार लावायला गेले तेव्हा त्या पानाशेजारी दुसरं पान दिसलं. नवं, अजून कडा सरळ असलेलं. ऋग्वेदा, कंबर, असंच म्हणायचं. ऋग्वेदा म्हणजे अभिषेकचीच बायको. पाच आठवड्यांची बाळंतीण. ती बाळाकडे बघत नाही, झोपत नाही, न आवाज करता रडते, असं वहिनीने मला कोकमं बरणीत भरता भरता सांगितलं. सासू म्हणते नजर लागली, दृष्ट काढून झाली. अभिषेकने मात्र तिला डॉक्टरांना दाखवलं होतं, गोळ्या चालू झाल्या होत्या, आणि डॉक्टरांनी सांगितलं होतं की थोडे दिवस एकटी ठेवू नका. लोकांना कंबर धरली म्हणून सांगायचं, हे ऋग्वेदानेच ठरवलं होतं. वार वाचत मी पानाच्या खालच्या ओळींपर्यंत आले. बुधवारपुढे लिहिलं होतं, अनुजा, दुपारी तीन ते सात.

“मला विचारलंसुद्धा नाहीत,” मी म्हटलं.

“मन्याक तरी खय इचारलेलंय.”

“वहिनी, मी अजून गोळ्या घेते. डॉक्टर म्हणतात वर्षभर घ्याव्या लागतील. माझंच मला उद्याचं माहीत नाही. मी काय बसणार तिच्याजवळ?”

“गोळये घेवन बसूक येना नाय काय?” ती म्हणाली, आणि मसाल्याच्या डब्याचं झाकण उघडून वास घेतला. “बेडगी कमी घातलंस.”

बेडगी दोन किलो होती. पण मी तिच्याशी वाद घातला नाही. तीन रात्री मला झोप नीट लागली नाही हे मी लपवत नाही. तिच्या रडण्याने माझ्यातलं काही परत उठलं तर, ही भीती खरी होती, आणि मी ती डॉक्टर सलोनींना फोन करून सांगितलीही. त्या म्हणाल्या, “जा. जड वाटलं तर उठून या आणि मला फोन करा.” बुधवारी मी कचेरीतून अर्धी रजा घेतली. कारणाच्या रकान्यात काय लिहावं या विचारात थोडा वेळ गेला, मग लिहिलं, शेजारी आजारी. एवढं खरं मी त्या रकान्यात प्रथमच लिहीत होते. सोबत अर्धा किलो लसूण घेतली सोलायला, कारण हात रिकामे असलेलं माणूस समोर बसलं की आजाऱ्याला बोलावं लागतं.

दार अभिषेकने उघडलं. तिसऱ्या खेपेला तो माझ्याजवळ बसला होता, म्हणून मी त्याच्या हातावर जरा हात ठेवला. बाळ बाहेरच्या खोलीत आजीच्या मांडीवर होतं. आत पडदे ओढलेले, पंखा सावकाश, आणि पलंगावर ती भिंतीकडे तोंड करून. केसांचा गुंता झाला होता. पायांवर चादर नव्हती, पावलं एकमेकांवर घट्ट ठेवलेली. माझी चाहूल लागली तशी तिने मान वळवली. सव्वीस सत्तावीस वर्षांची पोर. तो चेहरा मी पंधरा महिने माझ्याच आरशात टाळला होता.

“मी चौदाव्या मजल्यावरची अनुजा,” मी म्हटलं. “कंबर कशी आहे आता?”

आधी तिने पाठीला हात लावला, मग घाईने कमरेला, आणि म्हणाली, “बरीय.”

खुर्ची पायाशी ठेवलेली होती. मी ती उचलून उशाशी नेली, लसणीची पिशवी मांडीवर घेतली आणि बसले.